मोटर निवडण्याआधी दार उचलून पाहिलं

सिअ‍ॅटलच्या पावसाचा गवगवा फार, पण आकडे पाहिले तर वर्षाकाठी जेमतेम हजार मिलिमीटर. मुंबईत त्याच्या दुपटीहून जास्त पडतो आणि माझ्या माहेरी, चिपळुणात, तिपटीहून जास्त. फरक आहे तो पडण्याच्या रीतीत. कोकणातला पाऊस चार महिने झोडपतो आणि निघून जातो, मग ऑक्टोबरचं ऊन भिंतींतली ओल शोषून घेतं. इथे ऑक्टोबरात लागलेली रिपरिप एप्रिल-मेपर्यंत चालते. दोन सरींच्या मधे ऊन नसतं, नुसतं राखाडी आभाळ. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो आणि पारा चार-सात अंशांवर रेंगाळत राहतो. एकदा भिजलेली वस्तू वाळायला फुरसतच मिळत नाही, आणि आमच्या गॅरेजच्या दाराला तर मुळीच नाही.

आमचं घर सॅमामिशला, म्हणजे सिअ‍ॅटलच्या पूर्वेला डोंगराच्या अंगाला, त्यामुळे ओल शहरापेक्षा जरा जास्तच. घर नव्वदच्या दशकातलं. गॅरेज दोन गाड्यांचं, त्याला सोळा फूट रुंद आणि सात फूट उंच असं एकच पत्र्याचं दार, आणि ते विजेवर उघडणारा-मिटवणारा ओपनरही घराच्याच वयाचा, साखळीवर चालणारा. हिवाळा लागला की हे दार अर्ध्यात थबकायचं आणि उलटं फिरायचं. कधी जमिनीला टेकता टेकता परत वर जायचं. रिमोट दाबायला गाडी पार दारात आणावी लागे. साखळीचा खडखडाट वरच्या खोलीत झोपलेल्या मुलाला ऐकू जायचा आणि सकाळी बॉनेटवर गंजाची तांबूस भुकटी सांडलेली असायची. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत मात्र हेच दार मुकाट चालायचं.

नवा ओपनर घ्यायचं ठरल्यावर एका कंपनीचा माणूस येऊन गेला. बोलायला गोड होता. दाराला हातही न लावता त्याने टॅबलेटवर सव्वा हॉर्सपॉवरचा ओपनर दाखवला आणि म्हणाला, तुमचं दार जड झालंय, मोठी मोटर घ्या म्हणजे चिंता मिटली.

बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. चिपळूणच्या बाजारपेठेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान, आता माझा भाऊ बघतो. तो माणूस जाईपर्यंत ते गप्प बसले होते. मग म्हणाले, "अगं, हा दार न उचलताच मोटर विकायला आला. दार उचलतं कोण? मोटर की स्प्रिंग?"

बाबांचं हे शटरवरचं ज्ञान. दुकानाच्या रोलिंग शटरला वरच्या पाइपात स्प्रिंगा असतात. त्या ठीक असल्या की शाळकरी मुलगाही शटर वर ढकलतो, ढिल्या झाल्या की दोघांना घाम फुटतो. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, त्यानंतर गाळाने जाम झालेलं शटर चौघांनी मिळून वर केल्याचं ते अजून सांगतात. तेव्हा शटरचं खरं वजन किती असतं याबद्दल त्यांना कोणी काही शिकवायची गरज नव्हती.

इथल्या दाराचंही गणित तेच आहे. आमच्यासारख्या दोन गाड्यांच्या, आत फोम भरलेल्या पत्र्याच्या दाराचं वजन साधारण सत्तर ते नव्वद किलो भरतं. ते वजन तोलून धरते दाराच्या वर आडव्या दांड्यावर गुंडाळलेली पिळाची स्प्रिंग. दार खाली येताना ती पिळली जाते, वर जाताना साठलेला जोर परत देते. स्प्रिंग नीट असेल तर ओपनरला पाच-सात किलोपेक्षा जास्त ओढावंच लागत नाही. म्हणूनच अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर एवढं अवजड दार वर्षानुवर्षं हलवू शकते.

तपासायची रीत सोपी. दार पूर्ण बंद असताना छतावरच्या रुळाला लोंबणारी लाल दोरी ओढायची. ओपनर दारापासून सुटतो. मग दार हाताने कमरेइतकं उचलायचं आणि हळूच हात सैल करायचे. तोल बरोबर असेल तर दार तिथेच थांबतं. दार उघडं असताना ही दोरी कधीच ओढू नये, कारण स्प्रिंग तुटलेली असली तर सगळं वजन धाडकन खाली येतं. आम्ही दोघांनी मिळून उचललं. कमरेपर्यंत आणताना बाबांच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि हात सैल करताच दार खाली निघालं. म्हणजे इतकी वर्षं बिचारी मोटरच वजन ओढत होती. थंडीत जुनं ग्रीस घट्ट व्हायचं, त्यात हा भार, मग ओपनरला वाटायचं की मधे काहीतरी अडकलंय आणि तो सुरक्षेसाठी उलटा फिरायचा. त्या सव्वा हॉर्सपॉवरने हे सगळं आणखी काही वर्षं झाकून ठेवलं असतं, एवढंच.

पुढचा शोध ओलीचा. छत गळत नव्हतं, भिंतीतून पाणी येत नव्हतं, तरी दाराच्या आतल्या बाजूला सकाळी दव साचलेलं असायचं. शंभर-दीडशे रुपयांच्या बाजारी थर्मामीटरसारखं एक आर्द्रतामापक गॅरेजात टांगलं. जानेवारीत ते ऐंशी टक्क्यांच्या खाली यायला तयार नव्हतं. कारण गाडी. संध्याकाळी पावसातून आलेली गाडी चाकांच्या खोबणीत, खाली, टपावर पाणी घेऊन येते आणि वर तिचं इंजिन गरम. ते पाणी फरशीवर सांडतं, उबेने त्याची वाफ होते आणि रात्री सर्वात गार असलेल्या पत्र्यावर, म्हणजे दारावर, जाऊन बसते. तिथून थेंब ओघळून दाराच्या तळाशी जमतात.

आणि तळाशी काय असतं? दार ज्या पोलादी केबलवर तोललेलं असतं तिचं खालचं टोक. दोन्ही कोपऱ्यांत केबल एका पत्र्याच्या कंसाला अडकवलेली असते, फरशीपासून जेमतेम चार बोटं वर. पाण्याचे शिंतोडे, दारातून आलेली माती, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, सगळं तिथे. आमच्या केबलचे वरचे सहा-साडेसहा फूट चकचकीत होते आणि तळाचा वीतभर भाग काळा-तांबूस. जवळून बघितलं तर दोन-चार तारा तुटून बाहेर आलेल्या. दमट प्रदेशात राहणाऱ्या कोणीही ओपनरचं काही ठरवण्याआधी टॉर्च घेऊन तिथे वाकून बघावं. बघावं फक्त. त्या कंसाच्या स्क्रूवर स्प्रिंगचा सगळा ताण असतो, पाना लावला तर तो हात जायबंदी करू शकतो. स्प्रिंगचंही तेच. बाबांना स्वतः करायची फार खुमखुमी होती. "दुकानात मी..." असं सुरू झालं की मी चहा टाकायला उठायचे.

दुसरा तंत्रज्ञ शोधताना एक गोष्ट केली, ती वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्यांना उपयोगी पडेल. राज्याच्या लेबर अँड इंडस्ट्रीज खात्याच्या संकेतस्थळावर कुठल्याही कंत्राटदाराचं लायसन्स, बाँड (म्हणजे नुकसानभरपाईची हमी) आणि विमा तपासता येतो. फोन करण्याआधी तिथे नाव घालून पाहिलं. जो आला तो वयस्कर, एकटा काम करणारा, अबोल. त्याने आल्या आल्या लाल दोरी ओढली. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

स्प्रिंगवर त्याच्याशी बरंच बोलणं झालं, कारण ओलीचा खरा खर्च इथे आहे. साधी स्प्रिंग दहा हजार वेळा उघडझाप सहन करेल अशी बनवलेली असते. दिवसाला चार वेळा धरलं तर सात वर्षंही भरत नाहीत, आणि आमच्यासारखे लोक पुढच्या दारापेक्षा गॅरेजमधूनच जास्त ये-जा करतात. त्यात गंज चढला की वेटोळी एकमेकांवर घासतात, पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि तिथूनच ती एक दिवस बंदुकीच्या बारासारखा आवाज करून तुटते. जस्ताचा मुलामा दिलेली स्प्रिंग गंजाला चांगली, पण ती पहिल्या काही महिन्यांत ताण थोडा सोडते आणि पुन्हा पिळावी लागते. तेलात कडक केलेली स्प्रिंग ताण धरून ठेवते, पण उघडी ठेवली तर गंजते. आम्ही दुसऱ्या प्रकारची, वरून लेप दिलेली, पंचवीस हजार फेऱ्यांची घेतली. केबल स्टेनलेस स्टीलच्या. रोलर जुने लोखंडी होते, त्यांच्या जागी बंद बेअरिंगचे नायलॉनचे. नायलॉनच्या रोलरनेच निम्मा आवाज गेला, ओपनर अजून जुनाच असताना.

तोल लावून झाल्यावर त्याने दार कमरेइतकं उचलून सोडलं. थांबलं. मुलाने एका हाताने वर-खाली करून बघितलं, मग खेळच लावला. शेवटी ओरडावं लागलं.

आता ओपनर. दुकानात गेलं की चार जातींची नावं ऐकू येतात. साखळीचा सगळ्यात स्वस्त आणि दणकट, पण साखळीला तेल लागतं. कोरड्या हवेत वर्षाकाठी थोडं चालतं, आमच्याकडे तेल कमी पडलं की गंज आणि जास्त झालं की काळे थेंब गाडीवर. स्क्रूच्या लांब दांड्यावर चालणाराही एक प्रकार आहे. त्याचा दांडा ग्रीसवर अवलंबून आणि ग्रीस थंडीत रुसतं. शिवाय त्याची मॉडेलं आता कमी मिळतात, म्हणून तो विचार लगेच सोडला.

खरी निवड राहिली ती बेल्टचा आणि भिंतीवरचा, या दोघांत. भिंतीवरच्याला जॅकशाफ्ट म्हणतात. तो छताला न टांगता दाराच्या बाजूला बसतो आणि स्प्रिंगचा दांडाच थेट फिरवतो. छत मोकळं राहतं, रूळ नाही, आवाज अगदी कमी, दिसायलाही देखणा. आमच्या गल्लीत पुण्याचं एक कुटुंब आहे, त्यांनी उंच छताच्या गॅरेजात तोच बसवलाय आणि ते खूश आहेत. माझा नवराही त्याच्याच बाजूने होता, कारण छतावर त्याला सायकली टांगायच्या होत्या.

पण त्याच्या चालण्यात एक मेख आहे आणि ती दमट हवेत महत्त्वाची. छतावरचा ओपनर एका दांडीने दाराला धरून असतो, त्यामुळे तो दार वर ओढतो आणि खाली ढकलतोही. भिंतीवरचा फक्त केबल सोडतो, दार स्वतःच्या वजनाने खाली यावं लागतं. ते कुठे अडलं तर केबल सैल पडते आणि ड्रमवरून, म्हणजे ती गुंडाळली जाते त्या चाकावरून, निसटू शकते. म्हणून त्यासोबत केबलचा ताण बघणारा एक जोडभाग बसवावाच लागतो, केबल सैल होताच तो मोटर थांबवतो. आमच्या दाराच्या चौकटीला लाकडी पट्ट्या आहेत. नोव्हेंबरपासून त्या पाणी पिऊन फुगतात आणि त्यांवरची रबराची पट्टी दाराला घासते. कडक थंडीच्या एखाद्या पहाटे तळाचं रबर फरशीला चिकटतं. म्हणजे दार अडायच्या जागा भरपूर. शिवाय तो ओपनर बसणार होता नेमक्या त्या कोपऱ्यात जिथे बाहेरच्या बाजूला पन्हळीचा उभा पाइप उतरतो, घरातला सर्वात ओला कोपरा. तिथे विजेचा पॉइंटही नव्हता, नवा ओढावा लागला असता. किंमत बेल्टवाल्यापेक्षा दीड-दोन पट.

तंत्रज्ञाला विचारलं, तुझ्या घरी कोणता आहे? म्हणाला, बेल्ट. एवढंच. आणखी काही बोलला नाही.

बेल्ट पॉलीयुरेथेनचा असतो, आत पोलादी तारा गाडलेल्या. त्याला तेल नको, गंज नाही, आवाज नाही. मोटर गॅरेजच्या मध्यावर छताजवळ राहते, तिथली हवा त्यातल्या त्यात उबदार आणि कोरडी. आम्ही डीसी मोटरचा घेतला, त्यामुळे दार सुरू होताना आणि थांबताना हिसका देत नाही. डीसी मोटरच्या खोक्यावर छापलेली हॉर्सपॉवर ही जुन्या एसी मोटरशी तुलना करून दिलेली असते, तेव्हा दोन खोक्यांवरचे आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. तोल साधलेल्या दाराला पाऊण हॉर्सपॉवरचा म्हणून विकला जाणारा पुरून उरतो.

आणि दुकानात पाच-सहा नावं दिसली म्हणून तेवढे बनवणारे आहेत असं नाही. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर एकाच घरातले. जीनी ही ओव्हरहेड डोअरच्या घरातली, म्हणजे ज्या कंपनीच्या संस्थापकाने १९२१ मध्ये वर सरकणारं दार आणि १९२६ मध्ये विजेचा ओपनर आणला, तिच्या. नाव बघून निवडण्यापेक्षा सुटे भाग आपल्या गावात मिळतात का आणि बसवणारा माणूस पुन्हा येईल का, हे विचारलेलं बरं.

वीज गेल्यावर ओपनर चालवणारी बॅटरी घ्यायची का, याची आमच्याकडे चर्चाच झाली नाही, ती हवीच होती. १९ नोव्हेंबर २०२४च्या रात्री पश्चिम वॉशिंग्टनला 'बॉम्ब सायक्लोन' म्हणतात ते वादळ धडकलं. लाखो घरांची वीज गेली, आमच्या पूर्वेकडच्या गावांत झाडं तारांवर आडवी पडली आणि वीज यायला कितीतरी दिवस लागले. त्या काळोखात ढिल्या स्प्रिंगचं दार हाताने उचलून गाडी बाहेर काढणं आम्ही केलं आहे. कॅलिफोर्नियात २०१७च्या वणव्यांत वीज गेल्यावर लोकांना गॅरेजची दारं उघडता आली नाहीत, म्हणून तिथे जुलै २०१९ पासून नव्या ओपनरला बॅटरी सक्तीची केली. आमच्या राज्यात सक्ती नाही, तरी आमच्यासाठी ती होतीच. फक्त समजून असावं की ही छोटी शिशाची बॅटरी असते, वीज गेल्यावर मोजक्या फेऱ्या देते, थंडीत आणखी कमी देते आणि दोन-तीन वर्षांत बदलावी लागते.

ओलीशी ओपनरची सर्वात जास्त गाठ पडते ती मात्र मोटरपाशी नाही, दाराच्या पायथ्याशी असलेल्या दोन डोळ्यांपाशी. १९९३ पासून अमेरिकेत बनणाऱ्या घरगुती ओपनरला, दाराखाली मूल किंवा जनावर आलं तर दार परत फिरवणारी सोय सक्तीची आहे. बहुतेक ठिकाणी ते काम दोन सेन्सर करतात, एकाचा अदृश्य किरण दुसऱ्यावर पडतो. ते जमिनीपासून सहा इंचांच्या वर लावायचे नाहीत असा दंडक आहे, कारण रांगणारं मूल सापडायला हवं. आणि सहा इंच म्हणजे बरोबर जिथे दव, चिखल आणि कोळ्यांची जाळी. भिंगावर वाफ धरली की किरण अडतो, दार खाली जाता जाता उलटं वर येतं आणि मोटरचा दिवा लुकलुकतो. आमच्या जुन्या ओपनरच्या निम्म्या तक्रारी इथल्या होत्या. वायरचे जोड नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले, आत हिरवा गंज.

या जोडांबाबत मी हट्ट धरला. तंत्रज्ञ जुन्याच वायरी वापरणार होता. नव्या वायरी ओढून घेतल्या आणि जोडांना आत जेल भरलेले, बागेतल्या दिव्यांना वापरतात ते कनेक्टर लावायला सांगितले. दोन-चार डॉलरचं काम. काही लोक वैतागून हे दोन्ही सेन्सर काढून छतावर समोरासमोर बांधून ठेवतात, म्हणजे किरण कधी अडणारच नाही. असं दिसलं तर त्या घरातल्या लहान मुलांना दारापासून लांब ठेवावं. बसवून झाल्यावर फरशीवर दोन इंची लाकडी फळी आडवी ठेवून दार तिच्यावर आणलं. टेकलं आणि लगेच वर गेलं. ही चाचणी अधूनमधून आपली आपणही करावी.

विजेच्या पॉइंटचं एक राहिलं. जुन्या घरांत छतावरचा पॉइंट साधा असतो. नव्या नियमांप्रमाणे गॅरेजमधल्या पॉइंटला गळती जाणवताच वीज तोडणारं जीएफसीआय संरक्षण लागतं. ओल्या फरशीच्या खोलीत ते असावंच, आम्ही पॅनेलमधला ब्रेकर बदलून घेतला. इलेक्ट्रिशियनचं बिल ओपनरच्या बिलाच्या जवळ गेलं, त्यावर बाबा दोन दिवस रुपयांत हिशेब करून हळहळत होते.

रिमोट गाडी दारात आल्याशिवाय चालत नव्हता, त्याचं कारण ओलीशी संबंधित नव्हतंच. ओपनरमध्ये कोणीतरी स्वस्त एलईडी दिवे लावले होते. अशा काही दिव्यांच्या आतलं सर्किट रेडिओलहरींत गोंगाट करतं आणि रिमोटचा संदेश त्यात हरवतो. दिवे काढले तर जुन्या ओपनरचा रिमोटही रस्त्यावरून चालू लागला. नव्या ओपनरला दिवे आतच बसवलेले आहेत.

अ‍ॅपचं मी सांभाळून घेतलं. मोबाइलवरून दार उघडं आहे की बंद हे कळणं उपयोगाचं, विशेषतः ऑफिसात बसल्यावर "दार लावलं का?" हा प्रश्न छळतो तेव्हा. पण २०२३ मध्ये या धंद्यातल्या एका बड्या कंपनीने इतरांच्या घरगुती प्रणालींना आपल्या सेवेशी परस्पर जोडून घेणं बंद केलं आणि कितीतरी लोकांच्या आधी चालणाऱ्या जोडण्या एका फटक्यात तुटल्या. तेव्हा अ‍ॅपसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असं माझं मत. भिंतीवरचं बटण आणि गाडीतला रिमोट कोणाच्या सर्व्हरवर अवलंबून नाहीत.

ओपनर बसला, दार शांत झालं, पण गॅरेजातली हवा होती तशीच. तिच्यासाठी वेगळं करावं लागलं. दाराच्या तळाचं कडक झालेलं रबर बदललं. बाहेरच्या पन्हळीच्या पाइपाला पुढे जोड देऊन पाणी भिंतीपासून लांब सोडलं. साधा, कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर इथे कामाचा नाही, थंडीत त्याच्या कॉइलवर बर्फ धरतं आणि पाणी ओढायचं थांबतं. थंड जागेला पाणी शोषणाऱ्या रसायनाच्या चक्रावर चालणारा लागतो. तो घेतला, पण वीज खातो, म्हणून फक्त जानेवारी-फेब्रुवारीत लावतो. बाकीच्या काळात बाबांचा उपाय चालतो. त्यांनी देशी दुकानातून फरशीचं पाणी ओढायचा वायपर आणवला आणि गाडी आली की पाच मिनिटांनी चाकांखालचं पाणी दाराबाहेर लोटायचा नेम सुरू केला. वर एक टेबलफॅन दाराच्या दिशेने. मापकावरचा आकडा ऐंशीवरून सत्तरच्या आत आला, रसायन न वापरता. "फुकटचं काम आहे, म्हणून तुम्हा लोकांना सुचत नाही," हेही ऐकून घेतलं.

देखभालीत बाबांचं आणि इथल्या पुस्तिकेचं एकमत निघालं. चिपळुणात शटरचं तेलपाणी मृगाच्या आधी होतं, इथे सप्टेंबरात, रिपरिप लागायच्या आत. स्प्रिंग, बिजागऱ्या आणि बेअरिंगवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा किंवा सिलिकॉनचा फवारा मारायचा. डब्ल्यूडी-४०चा निळा डबा सगळ्यांच्या घरी असतो आणि सगळे तोच मारतात. तो गंज सोडवायला आणि पाणी हटवायला चांगला, पण वंगण म्हणून टिकत नाही, थोड्या दिवसांत जागा पुन्हा कोरडी. रोलर ज्या पत्र्याच्या मार्गातून फिरतात त्याला काहीच लावायचं नाही, फक्त फडक्याने पुसायचा. तळाच्या केबल पुसताना दार बंद असावं आणि बोटं कंसापासून लांब. सेन्सरची भिंगं मी झाडू मारता मारता पुसून घेते.

खर्चाचं विचाराल तर ओपनर तीनशे डॉलरच्या घरात, स्प्रिंग-केबल-रोलर आणि मजुरी मिळून त्याहून दुप्पट, वर विक्रीकर आणि तो इलेक्ट्रिशियन. पहिला माणूस सांगत होता त्या मोठ्या मोटरपेक्षा हे महाग पडलं. त्यातला मोठा वाटा मोटरवर नाही, तिच्या आधी लागणाऱ्या गोष्टींवर गेला, आणि दमट जागेत तसाच जायला हवा असं मला वाटतं. पैसे कमी असते तर मी स्प्रिंग आणि केबल आधी करून जुना साखळीवाला आणखी एक वर्ष चालवला असता, दिवे काढून आणि सेन्सरचे जोड बदलून. तो चालला असता.

नवऱ्याच्या सायकली अजून फरशीवर आहेत. बेल्टच्या रुळाच्या दोन्ही बाजूंना छत मोकळं आहे, हुक आणून ठेवलेत, लाकडी तुळया कुठून जातात ते शोधायचं तेवढं बाकी आहे.